रविवारी पोराला फोन कर

ग्लासगो, 20 नोव्हेंबर 2025

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक. थंडीनं गुडघा धरलाय, बाकी काही नाही.

मंगळवारी रात्री स्कॉटलंडनं डेन्मार्कला 4-2 हरवलं! 1998 नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड कपला चाललेत. मॅकटॉमिनेची ओव्हरहेड किक तू मोबाइलवर दहादा बघितली असशील. मला मात्र लॉरेन्स शँकलंडच्या गोलबद्दल बोलायचंय. 78 वं मिनिट, कॉर्नर आला, गोलच्या तोंडाशी यानं पाय घातला, बॉल आत. असला गोल मारलास की आपली पेठ तुला 'आयतोबा' म्हणायची आणि तू कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमभर भांडत फिरायचास, की अरे, तिथं उभं राहायलाच अक्कल लागते. लागते लेका, कबूल. पण पलीकडच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडनं खेळलास, त्याला अजून माफी नाही.

आमचं पोरगं मे महिन्यापासनं फुटबॉल बघत नव्हतं. अकादमीनं त्याला सोडलं. इतकी वर्षं पावसापाण्यात नेलं-आणलं, आणि निरोप चार ओळींच्या मेलवर! तेव्हापासनं बूट गॅरेजात. सतराव्या वर्षी घरात म्हाताऱ्यासारखा वावरतो. मी काही बोललो की "हो बाबा", आणि दार बंद. ही म्हणते, अभ्यासाला लागू दे, बरंच झालं. अभ्यास करू दे की, मी कुठं नको म्हणतोय? पण त्याचा चेहरा बघवत नाही रे.

आता खालच्या डिव्हिजनमधल्या एका छोट्या क्लबानं ट्रायलला बोलावलंय. तिथले खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि आठवड्यातनं दोन संध्याकाळी सराव. चिरंजीवांना हा अपमान वाटतो.

शँकलंडचं काय झालं होतं? क्वीन्स पार्क क्लबामधनं ॲबर्डीननं उचलला, मग डनफर्मलिन, सेंट मिरन, मॉर्टन असा उसना फिरवला आणि 2017 ला सोडून दिला. बाविसाव्या वर्षी तो तिसऱ्या डिव्हिजनच्या एअर युनायटेडला गेला आणि दोन मोसमांत साठेक गोल ठोकले. मग डंडी युनायटेड, तिथं पहिल्याच लीग मॅचला चार! 2019 ला देशाकडनं खेळला. त्यानंतरही सरळ नाहीच; बेल्जियमला बेअरस्कॉटला गेला, तर तो संघच खाली घसरला. परत येऊन हार्ट्सचा कॅप्टन झाला आणि 2024 ला खेळाडूंनीच त्याला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. हे सगळं मी पोराला सांगितलं असतं, तर बापाचं कीर्तन झालं असतं.

मंगळवारी मी ओरडलो तसं ते जिना उतरून आलं. दाराच्या चौकटीला हात लावून रिप्ले बघत उभं राहिलं. म्हणालं, "हाच ना एअरला होता तो?" मी नुसती मान हलवली. मॅच संपेपर्यंत आत आलं नाही, पण वरही गेलं नाही.

म्हणून तू बोल. तालमीनं तुला अख्खा मोसम बाकावर बसवलं, मग तू पलीकडं गेलास आणि आमच्याच जाळ्यात गोल घातलास, हे त्याला तुझ्या तोंडून कळू दे. मला उल्लू बनवून मारलास तेही सांग, खुशाल. तू त्याचा काका आहेस, तुझं ऐकेल. ट्रायल पुढच्या गुरुवारी आहे.

वहिनींची बदली झाली का? काकूंच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? दुकानाचं सविस्तर कळव.

रविवारी तुमच्याकडं संध्याकाळी साडेसात म्हणजे इथं दुपारचे दोन. तेव्हा तो घरीच असतो. त्याच्या मोबाइलवर लाव, माझ्या नको.

तुझा,
सुन्या