लॉगबुकमधील कोरी पाने

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर “बाबा, माझं लॉगबुक कोरंच राहिलं” एवढेच म्हणून तू गप्प झालीस. सर्जन होताना केलेल्या शस्त्रक्रियांची नोंद ठेवायची ती तुझी वही, कोविडच्या साथीत भरलीच नाही. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आज लिहितो आहे.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले आणि नियोजित शस्त्रक्रिया एकामागून एक पुढे ढकलल्या जाऊ लागल्या. ऐन भराच्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबणीवर पडतील, असा एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाचा अंदाज होता. रुग्णांचे हाल त्यात आहेतच. पण हर्निया, पित्ताशय यांसारख्या ज्या शस्त्रक्रियांवर नव्या सर्जनचा हात बसतो, नेमक्या त्याच थांबवता येण्याजोग्या ठरल्या. ज्या थांबवता येत नव्हत्या, त्या कमीत कमी माणसांत आणि कमीत कमी वेळात उरकायच्या असल्यामुळे सुरी सिनिअरांच्याच हातात राहिली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूबरोबर विषाणू बाहेर पडेल, या धास्तीने सुरुवातीला अनेक ठिकाणी तीही टाळली गेली. आणि तू पीपीई किट घालून कोविड वॉर्डात उभी होतीस.

ते दिवस वाया गेले, असे मी कधीही म्हणणार नाही. श्वास खालावत चाललेला रुग्ण दारातूनच ओळखणे आणि नातेवाइकांना फोनवर वाईट बातमी सांगणे तू तिथे शिकलीस, आणि मला त्याचा फार अभिमान आहे. पण त्याने हात बसत नाही, हेही तुझ्यापासून लपवणार नाही. पित्ताशयाची नळी आणि धमनी वेगळी करताना ऊतीला किती ओढ द्यायची, कुठे थांबायचे, हे व्हिडिओत दिसते. बोटांना मात्र ते स्वतः केल्यावाचून कळत नाही.

टाक्यांच्या गाठींचा सराव म्हणून सुट्टीत तू टेबलाच्या खणाच्या मुठीला बांधलेले रेशमी दोरे मी अजून सोडलेले नाहीत. वरच्या गाठी सैल व तिरक्या आहेत, खाली येता येता त्या सपाट आणि घट्ट होत गेल्या आहेत. डाव्या हाताने मारलेल्या गाठीही शेवटी ओळखू येत नाहीत. एवढी चिकाटी असलेल्या मुलीने परीक्षा पास झाली म्हणून तयारीही पूर्ण झाली, असे मानू नये. विभागप्रमुखांकडे सहा महिने जास्त माग. संपूर्ण शस्त्रक्रिया मिळत नसेल, तर तिचा एखादा टप्पा, निदान पोट बंद करणे तरी, माग. यात कमीपणा काहीच नाही. उणीव तुझी नाही, साथीने आणलेली आहे, पण ती भरून न काढता एकटीने टेबलाशी उभे राहणे मला रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे वाटते.

पुढच्या वेळी येशील तेव्हा लॉगबुक घेऊन ये. कोणत्या शस्त्रक्रिया तू स्वतः केल्यास आणि कोणत्यांत जखमेच्या कडा बाजूला ओढून धरणारा रिट्रॅक्टर नुसता धरलास, हे आपण दोघे बसून पानोपान पाहू.

तुझे,
बाबा