शेवटचा तोडा का सोडला?

महोदय,

टोमॅटो रस्त्यावर ओतल्याचे छायाचित्र छापून आले की चार दिवसांत एक पत्र ठरलेले असते : 'फेकण्यापेक्षा मिळेल त्या भावाने विकायचा ना!' भावना चांगली आहे, हिशेब चुकतो.

माझाच हिशेब मांडतो. गेल्या हंगामात एका आठवड्यात 20 किलोच्या क्रेटला 60 रुपये भाव होता. माझे दोन प्लॉट चालू होते. नव्या प्लॉटचा तिसरा तोडा, म्हणजे फळे तोडायची तिसरी फेरी, झाडे लगडलेली. 400 रुपये रोजाची बाई दिवसाला 20 क्रेट सहज भरायची. म्हणजे क्रेटमागे तोडणी 20, टेम्पो आणि हमाली 25, एकूण 45 रुपये. जुना प्लॉट मात्र शेवटाला आलेला. फळ बारीक आणि विरळ. तीच बाई तिथे दिवसभरात 8 क्रेटच्या वर जाईना. तोडणीच 50 रुपये, वर ते 25. पंचाहत्तर घालून साठ आणायचे! नवा प्लॉट तोडला, जुन्यात मेंढरे सोडली.

रोपे, मल्चिंग, तार-काठी, फवारण्या हा खर्च दोन्हीकडे सारखाच झालेला. 60 रुपयांत तो निघणार नव्हताच, पण माल तोडला नाही म्हणून तो परतही मिळणार नव्हता. नव्या प्लॉटात क्रेटमागे 15 रुपये तरी सुटत होते. वडिलांना हे पटेना. "एवढा पैसा घातलाय, असा कसा सोडायचा?" म्हणत त्यांनी मेंढरे येण्याच्या आदल्या दिवशी जुन्यातूनही 40 क्रेट काढायला लावले. सहाशे रुपये गेले. पुढचा एक क्रेट काढायला जो जादा खर्च येतो त्याला 'सीमांत खर्च' म्हणतात आणि भावाशी तोच ताडून बघायचा, असे त्यांच्या बारावीतल्या नातीने सांगितले, तर तिलाच क्रेट उचलायला लावले.

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूर बाजार समितीत एका शेतकऱ्याच्या 512 किलो कांद्याला किलोला 1 रुपया भाव मिळाला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हातात 2 रुपयांचा धनादेश पडला. काढणीची मजुरी आडत्याच्या त्या हिशेबपट्टीत नव्हतीच. तो कांदा रानातच राहिला असता तर नुकसान कमी झाले असते. पण शेतकऱ्याला भाव कळतो तो गाडी बाजारात उभी राहिल्यावर. तोवर मजुरी देऊन झालेली असते, भाडे अंगावर आलेले असते आणि माल परत न्यायचा तर पुन्हा भाडे. रस्त्यावर ओतला जातो तो बहुतेक वेळा इथे. आदल्या दिवशी अंदाज आला असता तर तो तोडलाच नसता, आणि मग छायाचित्रही आले नसते.

एक विनंती. आपण रोज बाजारभावांचा तक्ता छापता. आठवड्यातून एकदा तरी त्याच्या शेजारी त्या भागातला तोडणीचा रोज आणि टेम्पोचे क्रेटमागचे भाडेही छापा. दोन ओळींची जागा लागेल.

आपला,
एक टोमॅटो उत्पादक
ता. जुन्नर, जि. पुणे