मावशी, तुमचा पिठल्याचा डबा अजून माझ्याकडेच आहे

प्रिय मावशी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुम्ही मिरज सोडून मुलीकडे नाशिकला गेलात, त्याला आता दोन महिने होतील. त्या दिवशी स्टेशनवर मला काहीच बोलता आलं नाही. गाडी हलली, तुम्ही खिडकीतून हात केलात आणि मी नुसती उभी राहिले. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत हे ठाऊक आहे. "मान द्यायचा तर प्रभूला दे," म्हणून तुम्ही विषयच तोडता. तरी लिहितेय, आणि कुणालाही वाचता येईल असं उघड लिहितेय. आपल्या मंडळीत माझ्यासारखी घाबरलेली माणसं पुष्कळ आहेत. रविवारी चांगले कपडे घालून उपासनेला येतात, गीतं म्हणतात, पाळकांशी हसून बोलतात आणि तीच भीती पदरात बांधून घरी जातात. हे पत्र त्यांच्यातल्या कुणाच्या तरी हाती पडावं, एवढीच इच्छा आहे.

२०१९ चा ऑगस्ट म्हटलं की सांगलीकराला पुढचं सांगावं लागत नाही. पण बाहेरचं कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. तिथं पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही पुढं गेलं. २००५ च्या पुरात आमच्या घराच्या वरच्या पायरीला पाणी लागून गेलं होतं, म्हणून आम्ही त्याच हिशोबानं गाद्या आणि धान्याचे डबे टेबलावर चढवले आणि निवांत बसलो. पहाटे उठून पाय खाली सोडले तर घोट्यापर्यंत पाणी. दुपारपर्यंत टेबलं तरंगायला लागली होती.

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीला साडीनं बांधून, चौघांनी बोटीत उतरवलं. मुलगा सहा वर्षांचा होता. बोट एका बाजूला कलली तेव्हा त्यानं माझ्या दंडात नखं रुतवली, त्याची खूण बरेच दिवस होती. आम्ही सुखरूप बाहेर पडलो. दुसऱ्याच दिवशी, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटल्याची बातमी आली. तशाच पाण्यात, तशाच बोटीत बसलेली माणसं गेली. ती बातमी ऐकली त्या घटकेपासून माझ्यात काहीतरी बिघडलं.

पाणी ओसरलं, चिखल काढला, भिंती वाळल्या, रंग दिला. माझी भीती मात्र गेली नाही. रात्री पत्र्यावर सर वाजली की मी उठून बसायची. फोनवर कोयना धरणाचा विसर्ग बघायचा, आयर्विनची पातळी बघायची, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय चाललंय ते बघायचं आणि अर्ध्या तासानं पुन्हा तेच. जानेवारीत, आभाळ कोरडं ठणठणीत असताना, बाथरूमचा नळ गळाला तरी छाती धडधडायची. पावसाचा अंदाज असला की मुलाला शाळेत पाठवायची नाही. माळ्यावर कागदपत्रांची पिशवी भरून ठेवली होती. ती मी दिवसातून किती वेळा उघडून बघायची, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी प्रार्थना करत नव्हते असं नाही, रोज करत होते. पण एका प्रार्थनासभेत मी हे सगळं बोलून दाखवलं, तेव्हा एका व्यक्तीनं सगळ्यांसमोर सांगितलं की भीती म्हणजे अविश्वास. वादळात सापडलेल्या तारवातल्या, म्हणजे होडीतल्या, शिष्यांना येशूनं विचारलं होतं ना, तुम्ही का भिता म्हणून? माझा विश्वास खरा असता तर मला झोप लागली असती. ती व्यक्ती दुष्ट नव्हती, माझं भलंच चिंतत होती. पण त्या रात्रीपासून पुराच्या भीतीत आणखी एक भीती मिसळली, की देव माझ्यावर नाराज आहे. मग मी प्रार्थनेत भीतीबद्दल बोलणंच सोडून दिलं. देवापुढंही चेहरा नीट करून बसायला लागले. हे मला सगळ्यात महागात पडलं.

आणि २०२१ च्या जूनमध्ये तुम्ही आलात.

कोरोनामुळं उपासना फोनवर होत होत्या. माझा आवाज त्यात बरेच दिवस ऐकू आला नाही म्हणून तुम्ही मिरजेहून रिक्षा करून आलात. तोंडावर मास्क, हातात स्टीलचा डबा. आत यायला तयार नव्हता. ओट्यावरच बसलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "जेवलीस का गं?" मी खोटं बोलले, जेवले म्हणून. तुम्ही डबा उघडून माझ्यापुढं ठेवलात. पिठलं, ज्वारीची भाकरी, वर कांदा. मी जेवेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. रस्त्याकडं बघत बसलात.

मी वाट बघत होते की आता बायबलचं वचन निघणार आणि त्यातनं माझी चूक दाखवली जाणार. तुम्ही एलीयाची गोष्ट काढलीत. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला ज्यानं डोळ्यांनी पाहिला, तो संदेष्टा ईजबेल राणीच्या एका निरोपानं घाबरून रानात पळाला, झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. "देवानं त्याला काय म्हटलं सांग?" मला आठवेना. तुम्ही म्हणालात, "पहिल्यांदा काहीच नाही म्हटलं. दूत पाठवला, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला. ऊठ, खा. तो जेवला आणि परत झोपला. दूतानं पुन्हा उठवून जेवायला घातलं. बोलणं पुढं, होरेब डोंगरावर गेल्यावर."

मी रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटातनं रडले.

मग मी तारवातल्या शिष्यांबद्दल विचारलं. माझा काटा तिथंच रुतला होता. तुम्ही मला मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढायला लावलात आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगितलंत. शिष्यांनी घाबरून येशूला उठवलं. तो उठला आणि आधी वाऱ्याला धमकावलं, समुद्राला शांत केलं. "का भिता" हा प्रश्न त्यानंतर आला, पाणी निवांत झाल्यावर. "ती माणसं घाबरली होती, पण गेली कुणाकडं? त्याच्याकडंच ना? तूही उठव की त्याला. तू तर त्याची झोपमोड होईल म्हणून गप्प बसलीस." मावशी, त्या एका वाक्यानं माझं बंद पडलेलं दार उघडलं.

त्या महिन्यात तुम्ही चार-पाच वेळा आलात. एकदा तुमच्या नोकरीचं सांगितलंत. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात तुम्ही आयुष्य काढलंत. मला वाटायचं, इतकी मरणं बघितलेल्या बाईला कसली आलीय भीती? तुम्ही म्हणालात की रात्रपाळीला वॉर्डाच्या दाराशी तुमचे पाय रोज अडखळायचे, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत. दाराच्या कडीवर हात ठेवून तुम्ही मनात म्हणायचा, "प्रभू, मी घाबरलेय. चल." आणि आत जायचा. तुमची प्रार्थना एवढीच. मी तीच उचलली. कुणी लांबलचक प्रार्थना शिकवली असती तर मला जमली नसती.

आणि बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, दावीद राजाचं. ते मला लहानपणापासून तोंडपाठ, रविवारच्या शाळेत बक्षीस मिळालं होतं. तुम्ही विचारलंत, यात दावीद देवाबद्दल बोलतोय की देवाशी? मी म्हटलं, देवाबद्दल. "म्हण बरं सावकाश." मी म्हणायला लागले. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो, तो माझा जीव ताजा करतो. सगळीकडं तो, तो, तो. मग मरणाच्या सावलीची दरी येते आणि तिथं शब्द बदलतो. कारण तू माझ्याबरोबर आहेस. इतकी वर्षं पाठ असून ते माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. कुरणात असताना दावीद देवाविषयी लोकांना सांगत होता. अंधारात शिरला तसा त्यानं तोंड वळवलं आणि थेट त्याच्याशीच बोलायला लागला. मी नेमकं उलटं केलं होतं. दरीत शिरल्यावर त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, तुम्ही मला हात जोडून घरात बसायला सांगितलंत. तसं अजिबात नव्हतं. कागदाची पिशवी भरण्यात अविश्वास नाही, असं तुम्हीच म्हणालात. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, दूत झेलतील, असं सैतान म्हणाला तेव्हा येशूनं उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असं उत्तर दिलं. तुम्ही आमच्या ह्यांना बोलावून घेतलंत आणि तिघांत ठरवून टाकलंत की पाणी चढायला लागलं तर ४० फुटांची वाट बघायची नाही. सासूबाईंना आधी हलवायचं, महत्त्वाचे कागद आधीच तुमच्याकडं मिरजेत ठेवायचे. फोनवर पातळी दिवसातून तीनदाच बघायची, सकाळी, दुपारी आणि रात्री जेवणाआधी. मधे बघावंसं वाटलं की कडीवर हात ठेवल्यासारखं करायचं आणि तेच म्हणायचं, "प्रभू, मी घाबरलेय. चल." सुरुवातीला दिवसातनं पन्नास वेळा म्हणावं लागलं.

महिनाभरातच परीक्षा आली. जुलैच्या २२-२३ तारखेला महाबळेश्वर-कोयनेकडं पाऊस कोसळला आणि आयर्विनचे आकडे तासातासाला चढू लागले. ठरल्याप्रमाणं आम्ही आधीच निघालो. गाडीत बसताना माझे हात इतके थरथरत होते की मुलाच्या चपलेचा पट्टा लागेना. तुमच्या घरी पोचल्यावर मी शरमून म्हणाले, "मावशी, भीती गेली नाही हो." तुम्ही सासूबाईंची गादी घालत होता. मान वर न करता म्हणालात, "जाईल असं कोण म्हणालं? आलीस ना तू? चालत आलीस. गेथशेमाने बागेत येशूचाही जीव कासावीस झाला होता, तरी तो पुढं चालत गेलाच की." मग चहा टाकलात.

त्या वर्षीही पाणी ५० फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात छातीइतकं आलं. पाणी येऊ नये म्हणून मी कळकळून मागितलं होतं, तरी आलं. हे मी इथं मुद्दाम लिहितेय, कारण मंडळीत देवाच्या अनुभवाची साक्ष देताना माणसं हा भाग गाळतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, विश्वास ठेवला की पाणी दारातून परत फिरतं. आमचं फिरलं नाही. फ्रीज गेला, मुलाची पुस्तकं गेली, लग्नातलं कपाट फुगून फुटलं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो की तू पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. पाणी लागणारच नाही असं तो तिथं म्हणत नाही. त्या रात्री तुमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर मी चार तास झोपले. बाहेर पाऊस पडत होता, घर बुडत होतं, हे मला माहीत होतं, तरी झोपले. २०१९ नंतर पावसात लागलेली ती माझी पहिली झोप.

सासूबाई २०२३ मध्ये गेल्या. शेवटच्या रात्री त्यांचा श्वास अडकायला लागला, तेव्हा त्यांच्याजवळ मी एकटीच होते. हे औषध आणायला धावले होते. पूर्वीची मी असते तर त्या खोलीतून पळाले असते. मी त्यांचा हात धरला आणि तेविसावं स्तोत्र म्हणायला लागले. "तू माझ्याबरोबर आहेस" इथं आल्यावर त्यांनी बोटं दाबली. तेव्हाही मला भीती वाटत होती, मावशी. पण मी हात सोडला नाही, आणि त्या खोलीत आम्ही दोघीच नव्हतो, हे मला आज तुमच्यासमोर बसून सांगावं इतकं खरं वाटतं.

मुलगा आता माझ्या खांद्याला लागला. पावसाळ्यात तोच विचारतो, "आई, आयर्विनला किती?" मी रात्रीच्या वेळेला बघून सांगते आणि फोन ठेवून देते. परवा शाळेत पोहायला शिकवणार म्हणून चिठ्ठी आली. त्यावर सही करताना पेन थोडा वेळ हातातच राहिलं. मग कडीवर हात ठेवला आणि सही केली.

तुमचा तो स्टीलचा डबा अजून माझ्या फळीवर आहे. चार वेळा परत करायला काढला आणि चारही वेळा ठेवून दिला. शेवटी तुम्ही गावच सोडलंत. पण दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं नाशिकला येतोय, तिकिटं काढलीत. करंज्या घालून आणते. खोबऱ्याच्या, तुम्हाला आवडतात तशा, वेलदोडा कमी.

तुमची,
सांगलीची लेक