बुटांचं तेवढं बघ

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता पहिल्या एसटीनं पुण्याला गेलास. बाबांचं बोलणं तोडून टाकणारं असतं, तुला काय नवीन नाही. पण रात्री तीन वाजता बरणीत घोणस घेऊन दारात उभा राहिलास, तर बाप ओवाळेल का? त्यात पायात चप्पल. कापशीची कोल्हापुरी असली म्हणून काय झालं!

फोनवर बोललं की भांडण होतं, म्हणून लिहिते. तुझ्या मित्राबद्दल वाकडं लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

दिवसा शाळेच्या पोरांची रिक्षा, रात्री लोकांच्या घरातले साप. लग्न नको, पैसे दिले तर घेत नाही. मला वाटलं, डोक्यानं सरकलेला आहे. अजून अधूनमधून वाटतं. पण पाल दिसली की पलंगावर चढणारा तू, २०१९ च्या पुरानंतर त्याच्याबरोबर चिखलीत घरोघर साप काढत फिरलास. ज्या घरांत आपलं कुणी पाणी पीत नव्हतं, तिथं चहा पिऊन आलास. आजी असती तर सोवळं मोडलं म्हणून रडली असती. मला मात्र बरं वाटलं. शाहू महाराजांनी तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा घेतला त्याला शंभर वर्षं होऊन गेली, आपल्या घरात तो चहा आत्ता पोचला म्हणायचा.

बूट घेतलेस का?

मी शिराळ्याची. नागपंचमीला मडक्यातनं नाग दारात यायचा, आई लाह्या-दूध ठेवायची. तुझा मित्र म्हणाला, "काकी, साप दूध पीत नाही." माझा पारा चढला, माहेरचं बोलतोय म्हणून. मग रात्री आठवलं, तो नाग दुधापासनं मागंमागंच सरायचा आणि आमचे आबा त्याला काठीनं पुढं ढकलायचे. आम्ही हात जोडून बघत बसायचो. इतक्या वर्षांत ते काठीचं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मण्यार रात्रीची चावते, दुखतसुद्धा नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. तेव्हा बॅटरी हवीच. काही झालं तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही, सरळ कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल गाठायचं. बघ, तूच शिकवलेलं तुलाच ऐकवतेय. कंटाळू नकोस रे, आईच्या तोंडाला काय कुलूप नसतं.

परवा आपल्या न्हाणीत साप निघाला. शेजारच्या वहिनी काठी घेऊन धावल्या. मी म्हटलं, थांबा, आधी बघू दे. लांबलचक अंग, मोठे डोळे, तोंडाजवळ काळ्या रेघा. धामण! दार ओढलं, फटीत गोणपाट कोंबलं आणि तुझ्या मित्राला फोन लावला. हात लटलट कापत होते, पण वहिनींना काठी उचलू दिली नाही. बाबा दुकानात होते. त्यांना सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

तो आला तेव्हा त्याच्या पायात गुडघ्यापर्यंत बूट होते. त्याला कळतं, मग तुला का कळत नाही?

माईआत्याकडं पैसे दिलेत, ती शनिवारी पुण्याला येतेय. दुसरं काही घेऊ नकोस त्यातनं.

पुढच्या सुट्टीला त्याला जेवायला घेऊन ये. पांढरा रस्सा करते. बाबांचं मी बघते. बरणी मात्र रिक्षातच ठेवायची.

तुझी,
आई