चांदणी आणि टिंब यांच्यामधली जागा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लिनक्स या संगणक-प्रणालीच्या टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) वापरायच्या 40 आज्ञांची चौकट आली आहे. चांगली आहे, मी कापून ठेवली. पण तिसऱ्या रकान्याच्या तळाशी जे झाले आहे, त्याने एखाद्या वाचकाच्या फायली जातील. म्हणून घाईने हे पत्र. (पत्रात आज्ञांचे उच्चार लिहिले आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत करायच्या.)

तिथे जुन्या प्रती पुसण्यासाठी 'आरएम *.बॅक' अशी आज्ञा दिली आहे. रकाना अरुंद, त्यामुळे चांदणी ओळीच्या शेवटी राहिली आणि '.बॅक' खालच्या ओळीवर गेले. नवखा वाचक दोन्हींच्या मध्ये एक स्पेस देणार, कारण ओळ तुटली की शब्द तुटला असेच आपण समजतो. स्पेस पडली की अर्थ पार बदलतो. सुटी चांदणी म्हणजे त्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली तेवढ्या वाचतात. शेल, म्हणजे टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, चांदणीच्या जागी सगळी नावे भरून देतो, आरएम ती एकामागून एक पुसते आणि सगळे आटोपल्यावर वर तक्रार करते की '.बॅक' नावाची फाइल सापडत नाही! इथून पुसलेले कचरापेटीत जात नाही, म्हणजे परत काढायचा प्रश्नच नाही.

मी 34 वर्षे मुद्रितशोधन केले. निवृत्तीनंतर भाच्याने त्याचा जुना लॅपटॉप लिनक्स घालून दिला आणि आता त्यावर पुस्तकांच्या शब्दसूची करून देते. त्यामुळे चौकट हातात आली की आधी चिन्हे पाहायची, ही खोड गेलेली नाही. आपल्या जुळणीच्या सॉफ्टवेअरने सरळ अवतरणचिन्हांची वळणदार केली आहेत. छापील मजकुरात ती देखणी दिसतात, पण शेल त्यांना अवतरण मानतच नाही. 'जुनी यादी' असे दोन शब्दी नाव असले की तो त्याच्या दोन वेगळ्या फायली करून टाकतो. पाचव्या आज्ञेतल्या छोट्या आडव्या रेघेचा लांब डॅश झाला आहे, तोही चालणार नाही. मजकुरात मी स्वतः शेकडो वेळा हीच दुरुस्ती करायला लावली असेल. इथे ती चूक ठरते.

आज्ञा पाठ करा, हा चौकटीखालचा सल्ला मात्र मला अजिबात पटला नाही. पाठ करण्याची यंत्राला सवय आहे, आपण त्याचे काम अंगावर का घ्यावे? कंट्रोल धरून आर दाबा आणि पूर्वी दिलेल्या आज्ञेतली दोन-तीन अक्षरे लिहा, ती अख्खी समोर येते. पुन्हा आर दाबला की त्याआधीची. नाव अर्धे लिहून टॅब दाबले की उरलेले यंत्र भरते, आणि टॅबने भरलेल्या नावात काना-मात्रेची चूक होत नाही. आज्ञेचे नावच आठवत नसेल तर 'मॅन -के' पुढे विषयाचा एक इंग्रजी शब्द द्यावा. मागच्या फोल्डरात परतायला 'सीडी -' पुरते. हे चार माहीत असले की चौकटीतल्या निम्म्या आज्ञा लक्षात नसल्या तरी चालते.

पाठ करण्यापेक्षा एंटरच्या आधी वाचायची सवय लावा, असे मी सांगेन. पुसायचे असेल तेव्हा मी आधी 'एलएस *.बॅक' देते. कोणत्या फायली जाणार त्यांची यादी दिसते. ती खरोखर वाचते, नुसती नजर फिरवत नाही. मग वरचा बाण दाबून तीच आज्ञा परत आणते, कंट्रोल आणि ए ने ओळीच्या सुरुवातीला जाते आणि 'एलएस'चे 'आरएम' करते. चांदणीला पुन्हा हात लागत नाही, त्यामुळे नवी स्पेस घुसत नाही. दुसरा उपाय म्हणजे आज्ञेच्या आधी 'एको' लिहिणे. मग ती चालत नाही, चांदणीच्या जागी खरी नावे भरून नुसती पडद्यावर उमटते. माझ्या मते हेच आज्ञेचे प्रूफ. एक मात्र ध्यानात ठेवा, आज्ञेत उत्तर पडद्याऐवजी फाइलमध्ये लिहायला लावणारे '>' हे चिन्ह असेल तर एको वाचवत नाही, फाइल लिहिली जायची ती जातेच.

त्या '>' ने मला एकदा रडवले आहे. सहा आठवडे जमवलेली शब्दसूची अकारविल्हे लावायची होती. मी 'सॉर्ट यादी > यादी' असे दिले. पापणी लवायच्या आत काम झाले. फाइल उघडून पाहते तर कोरी. पुढे कारण कळले. सॉर्ट सुरू होण्याआधीच शेल '>' च्या पुढची फाइल लिहिण्यासाठी उघडतो आणि रिकामी करतो, मग सॉर्टला वाचायला उरतेच काय! चूक संपूर्ण माझी. आता 'सॉर्ट -ओ यादी यादी' असे देते. त्यात सॉर्ट आधी सगळे वाचून घेते आणि मग लिहिते. शिवाय बॅश या माझ्या शेलमध्ये 'सेट -ओ नोक्लॉबर' करून ठेवले आहे, त्यामुळे '>' आधीपासून असलेल्या फाइलवर लिहायला नकार देते.

आरएम, एलएस या दोनअक्षरी नावांना लोक नावे ठेवतात. लिनक्स जिच्या धर्तीवर बेतली त्या युनिक्स प्रणालीची सुरुवात 1969 साली बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी केली, तेव्हा समोर पडदा नव्हता, सेकंदाला 10 अक्षरे छापणारा टेलिटाइप होता. त्यावर कोण लांब नावे लिहील? मला जास्त आवडते ते पुढचे. 1971 मध्ये ती प्रणाली वापरू लागलेल्या, ती बनवणाऱ्या गटाबाहेरच्या पहिल्या लोकांमध्ये बेल लॅब्जच्याच पेटंट विभागातले टंकलेखक होते, पेटंटचे अर्ज नीटनेटके छापून काढणारे. म्हणजे आमच्याच जातकुळीतले. टर्मिनल हे फक्त प्रोग्रामरांचे, असे चौकटीत म्हटले आहे ते म्हणून खटकले.

आमच्या कामाला त्यातले काय लागते, तेही सांगते. 1973 मध्ये बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून थॉम्प्सन यांनी पाइप आणला. ती उभी रेघ एका आज्ञेतून निघालेले दुसरीच्या तोंडी देते. मजकुरातल्या प्रत्येक स्पेसच्या जागी 'टीआर'ने नवी ओळ घालायची, की एका ओळीवर एक शब्द. मग सॉर्ट, मग 'युनिक -सी', मग 'सॉर्ट -एन'. प्रत्येक शब्द किती वेळा आला त्याची यादी मिळते, एकदाच आलेले सगळ्यात वर. तिथेच चुका सापडतात. 'पद्धत' 61 वेळा आणि 'पध्दत' एकदा, हे डोळ्यांनी वाचताना माझ्याकडूनही निसटले होते. पहिले सॉर्ट गाळू नका. युनिक फक्त लागोपाठच्या ओळी ताडून पाहते, एकसारखे शब्द लांब पडले तर तिला ते वेगळेच वाटतात. दोन प्रुफांमधला फरक काढायला 'डिफ' आहे. पूर्वी या कामाला एक जण मोठ्याने वाचायला आणि दुसरा पेन्सिल घेऊन बसायला लागे.

चौकटीत शब्दमोजणीची 'डब्ल्यूसी' आहे, पण 'डब्ल्यूसी -सी' अक्षरे मोजते असे छापले आहे. ती बाइट, म्हणजे यंत्रातल्या साठवणीची एकके, मोजते. यंत्रात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे, काना आणि वेलांटीसुद्धा वेगळी. 'एको मराठी' पाइपने तिला दिले की उत्तर 16 येते; पाच चिन्हांचे 15 आणि ओळ संपल्याचा 1. 'डब्ल्यूसी -एम' दिले तर 6. आपण मात्र तीनच अक्षरे मोजतो, म-रा-ठी. पानांच्या हिशेबाने मानधन घेणाऱ्यांनी एवढे पाहून ठेवावे. (यूटीएफ-8 ही 1992 मध्ये त्याच थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्याबरोबर आखली.)

जाता जाता एक. सेव्ह करण्याच्या सवयीने कंट्रोल आणि एस दाबले गेले की टर्मिनल गप्प होते, काहीच उमटत नाही. मी दोनदा लॅपटॉप बंद करून चालू केला होता. पूर्वी धावणारा मजकूर थांबवून वाचता यावा म्हणून ती सोय होती. कंट्रोल आणि क्यू दाबले की सुटते.

तेव्हा विनंती अशी, की येत्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी. आज्ञा सारख्या रुंदीच्या टंकात, अवतरणे सरळ, डॅश आखूड. आणि रकाना कितीही अरुंद असला तरी चांदणी आणि टिंब एकाच ओळीवर ठेवा. वाटल्यास पानाचे प्रूफ मला पाठवा, मी तासाभरात पाहून देते.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक