वाळूचे दोन ढीग करायला काय खर्च येतो?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

शिरोली काय नि गोकुळ शिरगाव काय, मोकळा प्लॉट नाहीतर ओढ्याचा काठ दिसला की रात्रीत तिथं फौंड्रीची, म्हणजे लोखंड ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्याची, काळी वाळू पडलेलीच असते. मग दरवर्षी प्रदूषणावर बोंबाबोंब होते, नोटिसा निघतात, पावसात वाळू वाहून गेली की सगळे गप्प. मी फौंड्रीतच सुपरवायझर आहे म्हणून सांगतो, घोळ वाळू बाहेर पडायच्या आधीच झालेला असतो, शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या आतच.

ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साचा करायच्या ओल्या वाळूत, बेंटोनाइट (चिकट माती) आणि कोळशाची पूड असते, ती वाळू परत परत वापरता येते, जळालेली तेवढीच काढून टाकायची. कोअरच्या, म्हणजे पार्टमध्ये पोकळी यावी म्हणून साच्यात ठेवतात त्या गाभ्याच्या, वाळूत रेझिन (चिकटवायचं केमिकल) असतं, ते वेगळंच प्रकरण, त्यातलं फिनॉल वगैरे पाण्यात उतरतं. पण नॉकआऊटला, म्हणजे साचा फोडून पार्ट काढताना, हेल्पर दोन्ही एकाच ट्रॉलीत भरतो कारण ट्रॉली एकच आहे आणि कंत्राटदाराला खेपेचे पैसे मिळतात, त्याला काय पडलंय. ही वाळू ब्लॉकमध्ये चालते का म्हणून पेव्हर ब्लॉकवाला माल बघायला येतो, मूठभर हातात घेतो, त्यात कोअरची ढेकळं, लोखंडाचे मणी आणि वर गुटख्याच्या पुड्या, तो बिचारा चहा पिऊन परत जातो. हीच ग्रीन सँड चाळून वेगळी ठेवली असती तर तपासून का होईना त्यानं नेली असती.

रेझिनवाली वाळू ६०० ते ८०० अंशाला भाजली की रेझिन जळून जातं आणि वाळू परत कोअरला चालते. हे वाळू भाजायचे प्लांट छोट्या फौंड्रीला झेपणारे नाहीत हे कबूल, म्हणून तर दहा-वीस जणांनी मिळून एक घालावा, एमआयडीसीनं जागा द्यावी. ऊस सगळ्यांचा आणि कारखाना सहकारी हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला पाहिजे होय?

रिजेक्शनचं तर कोण कचऱ्यात धरतच नाही. बाद कास्टिंग (ओतलेला पार्ट) परत भट्टीत जातंय, नुकसान कुठं, असं मालक म्हणतात. अहो, एक टन लोखंड वितळवायला ५५०-६५० युनिट लाईट जाते, ती दुसऱ्यांदा भरायची, वर त्या मोल्डची (साच्याची) वाळू आणि रेझिन गेलंच. महिन्याच्या मीटिंगला डिस्पॅचच्या टनाशेजारी बाहेर टाकलेल्या वाळूचं वजन लिहा, वजनकाटा गेटवर आहेच.

मशीन शॉपमधलं जळकं ऑइल आणि केमिकलचा गाळ घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमानं सहसा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, तरी शेडमागं बॅरल गंजत पडलेले असतात, त्यावर परत कधीतरी लिहीन.

सध्या मालक लोकांनी नॉकआऊटला दुसरी ट्रॉली द्यावी आणि कंत्राटदाराला खेपेवर नाही तर पोच पावतीवर पैसे द्यावेत, आणि एमआयडीसीनं त्या प्लांटच्या जागेचं काय ते एकदा जाहीर सांगावं.

आपला,
एक फौंड्री सुपरवायझर, शिरोली पुलाची, कोल्हापूर