पुन्हा माझंच अक्षर

प्रिय अव्या,

चौदा महिने झाले. मोजायला लावू नकोस, मीच मोजलेत. तुझे पहिले दोन फोन आले तेव्हा मी परीक्षेच्या ड्यूटीवर होतो. तिसरा आला तेव्हा घरीच होतो, फोन समोर वाजत होता आणि मी उचलला नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि ते तुला सोडून कुणाला सांगावं हे कळत नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग दुरुस्त करा की, त्यात काय एवढं?" बायकांना सगळं इतकं सोपं कसं दिसतं देव जाणे.

आईची शुगर आहे तशी, माझा गुडघा आहे तसा. तब्येतीचा विषय संपला.

हे युनिकोडमध्ये टाइप केलंय, म्हणजे तुझ्या स्क्रीन रीडरमधली, पडद्यावरचं वाचून दाखवणारी ती बाई नीट वाचेल. तिचा वेग जरा कमी कर. मागे तुझ्याकडे आलो होतो तेव्हा ती माझाच मेल वाचत होती आणि मला वाटलं, आत वहिनी कुणाशी तरी भांडतायत.

तर गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात 'समान संधी केंद्र' निघालं आणि त्याचा समन्वयक मी झालो. का, तर मीटिंगला मी उशिरा पोचलो होतो. शिवाय कुणीतरी म्हणालं, "सरांचा एक मित्र दिव्यांग आहे ना?" झालं, तू माझी क्वालिफिकेशन ठरलास. (दिव्य नेमकं कोणतं अंग, हा तुझा जुना प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला नाही. तेवढी अक्कल आहे.)

काम काय, तर नॅकला, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेला, दरवर्षी जो अहवाल जातो त्यातला ७.१.७ हा रकाना भरणं. रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, खुणांच्या फरश्या आणि पाट्या, स्क्रीन रीडर वगैरे साधनं, आणि मदतीला माणूस, वाचक, लेखनिक. पाचांपैकी चार असले की 'अ', तीन असले की 'ब', असं उतरत जायचं. पुराव्याला जिओटॅग केलेले, म्हणजे जागेची नोंद असलेले फोटो. मी 'अ' लिहिलं. फोटो मीच काढले, सकाळी, ऊन चांगलं असताना.

आता फोटोबाहेरचं सांगतो. तुला तसाही फोटोचा उपयोग नाही.

रॅम्प तीन पायऱ्यांना पर्यायी आहे. पायरी सहा इंचांची, म्हणजे उंची अठरा इंच. एकास बाराच्या हिशेबाने, म्हणजे इंचभर उंचीला बारा इंच लांबी धरून, उतार अठरा फूट लांब हवा. आमचा टेप लावून मोजला, पाच फूट चार इंच. पुढे दुचाकींचं पार्किंग येत होतं म्हणून गवंड्याने तिथेच आवरता घेतला. या रॅम्पचे खरे लाभार्थी म्हणजे पाण्याचे जार आणणारी हातगाडी आणि वॉचमनची मोटारसायकल. स्वच्छतागृह उत्तम आहे, आतून दांडे लावलेत, त्याला कुलूप आहे आणि आत मागच्या तीन परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. किल्ली स्टोअरकीपरकडे. स्क्रीन रीडर लायब्ररीतल्या एका कॉम्प्युटरवर आहे, त्याचा हेडफोन कपाटात, कारण आधीचा चोरीला गेला. स्पीकर लावायचा नाही, कारण लायब्ररीत शांतता पाळायची असते! आणि सगळ्यात भारी म्हणजे पिवळ्या उंचवट्याच्या फरश्या. गेटपासून निघतात, पोर्चमधून वळतात आणि थेट नोटीस बोर्डासमोर संपतात. आंधळ्या माणसाला हात धरून नोटीस बोर्डापाशी नेऊन सोडणारं आमचं एकमेव कॉलेज असावं. हस. मीही हसलो होतो, तेव्हा.

रकान्याच्या जोडीला विद्यार्थ्यांचा अभिप्राय लागतो. आमच्याकडे नोंदलेले नऊ जण. मी फॉर्म केला, बारा प्रश्न, प्रत्येकापुढे 'अति उत्तम' ते 'असमाधानकारक' असे पाच चौकोन. कागदी फॉर्म, अव्या. तुझ्याबरोबर तीन वर्षं एका खोलीत राहिलेल्या माणसाने आंधळ्या पोरांसाठी कागदावर टिक मारायचे चौकोन काढले. वर ते नऊ फॉर्म तात्या शिपायाच्या हातात दिले आणि म्हटलं, "पोरांकडून भरून आणा." दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा टेबलावर हजर. नऊच्या नऊ फॉर्मांवर हिरव्या शाईच्या टिका, सगळ्या 'अति उत्तम'मध्ये. मी बघितलं. हिरवी शाई मला दिसली. मी त्याखाली सही केली आणि स्कॅनला दिलं.

हे झालं मागच्या वर्षी. या सप्टेंबरात एस. वाय.ची रेश्मा माझ्या केबिनला आली. जन्मापासून दिसत नाही, बावीस किलोमीटरवरून एसटीने येते, पोरगी तुझ्यासारखीच तिखट. मला वाटलं लेखनिकाच्या पत्रासाठी आली असेल. ती म्हणाली, "सर, माझ्या नावाने मागच्या वर्षी एक फॉर्म भरलाय म्हणे. वाचून दाखवता का?"

फाइल काढली. वाचायला लागलो. वर्गात जाण्याची सोय, अति उत्तम. अभ्यास साहित्य, अति उत्तम. ती दर वेळी "हं" म्हणत होती, मार्क मांडत असल्यासारखी. चौथा प्रश्न स्वच्छतागृहाचा. मी 'अति उत्तम' म्हटलं आणि ती हसली. म्हणाली, "सर, मी सकाळी सातला घर सोडते आणि दोनला परत पोचते. तोवर पाणी पीत नाही. बाटलीच आणत नाही."

मग विचारलं, खाली सही कुणाची आहे. मी म्हटलं, "तुझ्या नावाची." ती म्हणाली, "मला सही येते, सर." टेबलावरचा कागद ओढला, बोटाने कड चाचपली आणि सही केली. अव्या, मला आपली खोली आठवली. बँकेच्या फॉर्मसाठी आपण वहीच्या पुठ्ठ्यात ब्लेडने खिडकी कापली होती आणि त्या खिडकीत तू दोनशे वेळा 'अविनाश' लिहिलंस, 'श'चं पोट दर वेळी खिडकीबाहेर.

आणि ते आठवलं की दुसरं आठवणारच. १९९६, तुझा टी. वाय.चा राज्यशास्त्राचा पेपर. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा हवा म्हणून मी, एक वर्ष मागे असल्याचा आयुष्यातला एकमेव फायदा. राज्यपालांवरचा प्रश्न. तू सांगत होतास ते मला कच्चं वाटलं आणि मी माझं लिहिलं. तुझा आवाज चालू, माझा हात वेगळ्याच वाटेने. वर निकालानंतर मीच तुला फुशारकीने सांगितलं, ६२ कसे पडले ते. तू म्हणालास, "हे बासष्ट तुझे. माझे किती पडले असते ते आता मला कधीच कळणार नाही." एकवीस दिवस मेसमध्ये तू दुसऱ्या टेबलावर बसलास. मला तेव्हा खरंच वाटत होतं की तू कृतघ्न आहेस! (आणि ती आमटी तू मुद्दाम सांडलीस, हे मी आजही मागे घेत नाही.)

तात्यांना विचारलं, असं का केलंत. ते म्हणाले, "सर, पोरांना कशाला त्रास? म्हटलं आपणच भरू, चांगलंच लिहिलंय की." अगदी माझंच वाक्य, एकोणतीस वर्षांनी, हिरव्या शाईत.

मग मी फॉर्म फेकला आणि एकेकाला घेऊन कँटीनमागच्या कट्ट्यावर बसलो. तीन आठवडे लागले. बारा प्रश्नांत जे नव्हतं तेच निघालं. ऐकू न येणारा एक मुलगा आहे, तो ओठ बघून समजून घेतो. त्याला रॅम्पचं काय? त्याचं म्हणणं एवढंच की सर लोक फळ्याकडे तोंड करून बोलतात. एकाचे हात थरथरतात, त्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. कागदावर मिळतात. तीन तासांची घंटा झाली की पर्यवेक्षक गठ्ठे बांधायला घेतात, शिपाई पंखे बंद करतो आणि हा पोरगा एकटा घामाघूम लिहीत बसतो. दोनदा तो तसाच पेपर देऊन उठला. रेश्माच्या नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या. स्क्रीन रीडर 'राम' म्हणत नाही, 'ए, एम, अंडरस्कोर' म्हणतो. उरलेल्या नोट्स झेरॉक्सच्या स्कॅन, त्यावर तो काहीच म्हणत नाही. तुझ्या वेळी मी कॅसेटमध्ये वाचायचो, मध्येच कुकरची शिट्टी यायची, पण निदान राम राम असायचा.

आणि नोंदलेले नऊ, पण कट्ट्यावर बसलेलं बघून आणखी चार आले. एकाला अक्षरं उलटसुलट दिसतात. १९९५च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात हाही आला, हे त्याला माहीत नाही आणि आमच्या ऑफिसला तर नाहीच. दुसऱ्याला लिहिताना बोटं आखडतात, त्याला ऑफिसने सांगितलं, चाळीस टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आण, मग लेखनिक. २०२१ साली तू मला सुप्रीम कोर्टाचा विकास कुमार केसमधला निकाल पाठवला होतास ना, लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही म्हणून? मी अंगठा दाखवून पुढे गेलो होतो. परवा तो शोधून काढला, प्रिंट मारली आणि ऑफिसात दिली. हेडक्लार्क म्हणाले, "सर, विद्यापीठाचं परिपत्रक येऊ दे."

फुकटात होण्यासारखं थोडं झालं. एस. वाय.चा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून खाली आणला. विभागप्रमुख माझ्याशी बोलत नाहीत, हा आणखी एक फायदा. रेश्माच्या भावाच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर टाकून दिला, त्याला पैसे पडत नाहीत. ती ज्या वेगाने ऐकते त्यात मला एक शब्द कळत नाही. गठ्ठे मात्र अजून स्वच्छतागृहातच आहेत. ते ठेवायला जागा नाही म्हणतात. चहा प्यायला खोली आहे, गठ्ठ्यांना नाही.

आता खरं दुखणं. या वर्षीचा अहवाल डिसेंबरअखेर अपलोड करायचा आहे. मोजून खरं लिहिलं तर पाचांपैकी दोन, तेही ओढूनताणून, म्हणजे 'क'. प्राचार्यांना सांगितलं. माणूस वाईट नाही, चहा मागवला. म्हणाले, "अहो, गेल्या वर्षी 'अ' आणि यंदा 'क'? सुविधा वर्षभरात चोरीला गेल्या असं सांगायचं का? शक्य तेवढं हळूहळू करूच की." मी म्हटलं, २०२४च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच फेटाळलंय, राजीव रतुरींच्या केसमध्ये, दिव्यांग कायद्याखालचा नियम पंधरा नुसत्या शिफारशीसारखा आहे, सक्तीचे नियम करा म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी सहज म्हणाले, "तुमची असोसिएट प्रोफेसरच्या बढतीची फाइल माझ्याकडेच आहे बरं का."

बास, एवढंच. धमकी म्हणावी तर नाही, आणि रात्री झोप येत नाही. घराचा हप्ता आहे, चिन्मयची फी आहे. आणि गेल्या वर्षीच्या 'अ'खाली सही माझी आहे, म्हणजे 'क' लिहिताना मी खोटं बोललो होतो हेही त्यातच आलं. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, म्हणून तर फोन उचलत नव्हतो.

'क' लिहिलाय. परवा. तेराही जणांचे नवे अभिप्राय त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतलेत, टाइप करून प्रत्येकाला ऐकवलेत. रेश्माने दोन ठिकाणी मला थांबवलं, "मी असं नाही म्हणाले, सर." दुरुस्त केलं. अहवाल अजून प्राचार्यांच्या लॉगिनमध्ये पडून आहे, बटण त्यांनी दाबायचंय. शेवटच्या क्षणी ते बदलतीलही. मग काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुला सुचलं तर सांग, पण शिव्या आधी देऊन घे.

तुझी बदली नागपूरला झाल्याचं बंड्याकडून कळलं. उन्हाळ्याच्या आत घर बघ. मुग्धाला दहावीचं अभिनंदन, फार उशिरा. वहिनींना नमस्कार.

आणि हो, रेश्माला तुझा नंबर दिलाय. तिला बँकेच्या परीक्षेचं विचारायचंय, लेखनिक कसा निवडायचा तेही. रविवारी करेल. मी तुझा मित्र कसा, हे ती विचारेलच. बासष्टचं मी तिला आधीच सांगितलंय.

तुझा,
मुकुंद